डागबाईंचा नियम

आमच्या घरात तीस वर्षं एका बाईची कीव केली गेली. त्या कीवेची मला आता इतकी शिसारी आली आहे की हे लिहिल्याशिवाय पोटातली मळमळ जायची नाही. कीव करणाऱ्यांत मीही होते. नुसती होते असं नाही, चांगली पुढे होते. तेव्हा ही बया दुसऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायला बसली आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं जरा दम धरावा. माझीही पाळी येणार आहे.

ती बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. बाजारातल्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात तिनं चौतीस वर्षं डाग काढले. धुणारे वेगळे, इस्त्रीवाले वेगळे, ही फक्त डाग. दुकानाच्या मागच्या खोलीत उंच खिडकीखाली पत्रा ठोकलेलं टेबल, डाव्या हाताला वाफेची नळी, उजव्या हाताला तपकिरी बाटल्यांची रांग आणि मधे ही, बाह्या कोपराच्या वर दुमडून उभी. तिच्याकडे हाडाची एक गुळगुळीत पट्टी होती. ती कापडावरून अशी अलगद फिरवायची की धागा दुखावत नसे आणि आतला मळ वर येई. प्रत्येक बाटलीवर तिच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी. चिठ्ठी नसलेली बाटली सापडली तर उघडूनही बघायची नाही, सरळ मोरीत ओतून मोकळी. हीच सवय तिनं घरीही आणली होती. मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ लिहिलेलं असायचं, आणि आम्ही हसायचो.

गिऱ्हाइकं तिला डागबाई म्हणायची. त्यात कुचेष्टा नव्हती. लांबून लांबून लोक तिच्यासाठी त्या दुकानात यायचे.

तिथे एक नियम होता, तो तिनंच घातलेला. येणाऱ्या प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टाचायची आणि चिठ्ठीवर लिहायचं, डाग कशाचा. आता माणसं काय चीज असतात ते मी वेगळं सांगायला नको. रक्ताला चहा म्हणतात. ओकारीला सूप म्हणतात. म्हाताऱ्या बापाच्या पांघरुणावरच्या डागाला ‘पाणी सांडलं’ म्हणतात, आणि वर तोंड करून विचारतात, उद्या मिळेल ना? बरं, चहाला जे लागतं ते रक्ताला चालत नाही. रक्ताला, दुधाला, अंड्याला गरम लागलं की डाग कापडात असा मुरतो की पुढे कापड फाटेल पण तो हलणार नाही. जाऊबाई कपडा नाकाशी नेऊन एका क्षणात ओळखायची. पण हात लावायची नाही. कपडा घेऊन बाहेर काउंटरवर यायची आणि म्हणायची, “हा चहा नाही. मला कळलंय काय आहे ते, पण नाव तुम्ही घ्या. तोंडानं सांगवत नसेल तर लिहून द्या.”

कामाला लागली तेव्हा पहिल्याच वर्षी तिनं नाकावर भरवसा ठेवून, न विचारता, एका कोटावरचा डाग काढला होता. काढला अगदी बरोबर. पण चिठ्ठीवर तिनं खरं नाव लिहिलं, आणि त्या गिऱ्हाइकानं दुकान डोक्यावर घेतलं. आमच्या कोटाला असलं काही लागलेलंच नव्हतं, तुमची बाई आमच्या घराण्याची बदनामी करते! मालकाला हातापाया पडावं लागलं. तेव्हापासून नियम झाला. आपण ओळखलं तरी नाव गिऱ्हाइकानं घ्यायचं. मला हे ऐकून तेव्हा वाटायचं, काय ही नाकानं कांदे सोलते! ओळखलंस ना, मग काढ की मुकाट्यानं.

लग्नाआधी तिनं भाऊजींना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, स्पष्ट सांगितलं होतं की मला मूल नको आहे. भाऊजी हो म्हणाले. ते खरंच हो म्हणाले होते, त्यांनाही फारशी हौस नव्हती. पण हा हो त्यांनी घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवला. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या आणि ‘बघतो’ म्हणायचं, हे त्यांचं काम. घरीही तेच करायचे. सासूबाईंनी विचारलं, काय रे, काही हालचाल? की भाऊजी पेपरातून डोकं वर न काढता म्हणणार, “होईल आई, बघू.” असली गरीब माणसं मला आता मुळीच सोसत नाहीत. त्यांच्या गरिबीची झळ नेहमी दुसऱ्याला बसते.

मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा जाऊबाईला तीस वर्षं झाली होती आणि तिच्या लग्नाला पाच. मी एकदा भाजी निवडता निवडता तिला विचारलं होतं, “पण ताई, का नको? काही कारण असेलच की.”

“काही नाही.”

“असं कसं?”

“तू हवं म्हणतेस, तुझं काय कारण?”

मला मुलं का हवी होती हे तिच्याशिवाय मला आजतागायत कुणी विचारलेलं नाही, आणि विचारलं तर सांगता येणार नाही. माझ्याकडे कारण नसलं तरी चालत होतं. तिच्याकडे मात्र दुखणं हवं होतं, दैव हवं होतं, निदान एखादं रडगाणं तरी. यातलं काहीच नव्हतं. ती सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची, जेवायची, भाऊजींबरोबर पत्ते खेळायची आणि मजेत होती. घरादाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या याच मजेमुळे.

आता माझी पाळी.

मला तेव्हा चौथा महिना होता. सकाळपासून उलट्या, कशाचा म्हणून वास सहन होत नसे, त्यामुळे हातरुमालावर निलगिरीच्या तेलाचे चार थेंब टाकून तो मी नाकाशी धरून हिंडायची. एका दुपारी सासूबाईंनी हाक मारली. थोरल्यांच्या खोलीत त्या ड्रॉवर उघडून उभ्या होत्या. रुमालांच्या घडीखालून त्यांनी एक छोटी तपकिरी बाटली काढली. वर चिठ्ठी होती, टपोऱ्या अक्षरातली: ‘माझ्या गोळ्या. रोज एक. जेवणानंतर.’ पाकिटातल्या गोळ्या फोडून बाटलीत भरायच्या, हे दुकानातलंच वळण.

“बघ,” सासूबाई म्हणाल्या, “मी म्हणत नव्हते? देवानं दिलेलं ही बाई गोळ्या खाऊन परत पाठवते.”

मग त्यांनी कनवटीची गोष्ट काढावी तशी मुठीतून एक डबी काढली. सासऱ्यांना मधुमेह होता. साखरेऐवजी चहात टाकायच्या त्यांच्या पांढऱ्या गोळ्या, अगदी बारीक, मुगाच्या दाण्याएवढ्या. दोन्ही गोळ्या त्यांनी शेजारीशेजारी तळहातावर ठेवल्या. जुळ्या बहिणी दिसाव्यात तशा.

“माझे डोळे गेले आता. तुझी नजर चांगली आहे. मोजून घाल. जितक्या काढशील तितक्याच.”

मी मोजल्या. एकोणीस होत्या. एकोणीस काढल्या, एकोणीस घातल्या, बूच लावलं, बाटली होती तशी रुमालांखाली ठेवली. काढलेल्या संडासात टाकून पाणी सोडलं. “एकदा कूस उजवली, पान्हा फुटला, की सगळं आपसूक होतं,” सासूबाई म्हणाल्या. “मला उलट दुवा देईल बघ.” आणि आम्ही हसलो. हे मला लपवायचं नाही. दुपारच्या त्या खोलीत, दुसऱ्या बाईच्या ड्रॉवरपाशी, आम्ही दोघी तोंडावर हात धरून खुदूखुदू हसलो. सासूबाईंनी मला आपल्यात घेतलं म्हणून मी खूश होते. नव्या सुनेला असं कुणी आत घेतलं की ती काय वाटेल ते करते, असं मी पुढे स्वतःला बरेचदा समजावलं. ते खोटं आहे. कुणी काही करायला लावलं नव्हतं. मला त्यात मजा वाटली होती.

असं मी तीन वेळा केलं. तिनं नवं पाकीट फोडून बाटली भरली की दुसऱ्या दिवशी मी हजर.

चौथ्या वेळेची गरज पडली नाही. एका सकाळी आम्ही सगळे चहाला बसलो होतो. जाऊबाई आतून आली ती हातात बाटली घेऊन. आदल्या दिवशी गोळी जिभेला चिकटली होती, असं नंतर कळलं, आणि घशापर्यंत गोड गोड झालं होतं. तिनं सासऱ्यांसाठी ठेवलेला बिनसाखरेचा कप पुढे ओढला, बाटलीतली एक गोळी त्यात टाकली, चमच्यानं ढवळलं, एक घोट घेतला आणि कप भाऊजींच्या पुढे सरकवला.

“प्या.”

भाऊजी प्यायले. “गोड आहे,” ते म्हणाले.

“हो ना,” ती म्हणाली.

एवढंच. आरडाओरडा नाही, रडणं नाही. सासऱ्यांनी डबी हुडकली, ती अर्धी रिकामी होती. सासूबाईंनी पदर सावरावा इतक्या सहज कबूल केलं, “मीच केलं. आई आहे मी. लेकराचं भलं बघणार नाही तर काय शेजाऱ्यांचं बघू?” माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी मूग गिळून चहा प्याले. माझ्या मुलीनं त्याच आठवड्यात पहिल्यांदा पोटात लाथ मारली होती, आणि मी त्या कौतुकात होते.

तोवर जाऊबाईला दिवस गेले होते. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. भाऊजी फाटकापर्यंत गेले आणि तिथेच बाकावर बसून राहिले, आत गेले नाहीत. मोकळी होऊन ती घरी आली, दोन दिवस झोपून राहिली आणि नंतर कामावर गेली. त्या दिवसापासून तिच्या ड्रॉवरला कुलूप आलं. अंगठ्याएवढं, पितळी. किल्ली तिच्या चष्म्याच्या घरात असायची.

आणि मग सुरू झाली ती कीव. ‘नको’ म्हणणारी सून घरात असणं सासूबाईंना झेपत नव्हतं. पण दुर्दैवी सून चालत होती, उलट तिच्यामुळे घराला जरा वजनच येत होतं. त्यांनी सगळीकडे सांगितलं, “राहिलं होतं हो, पण पडलं. टिकतच नाही तिला.” बायका भेटायला येऊ लागल्या. येताना फळं आणायच्या, हात हातात घ्यायच्या आणि डोळ्यांत पाणी आणून जाऊबाईच्या पोटाकडे बघायच्या. ती प्रत्येकीला सांगायची, “पडलं नाही. मला नको होतं. मी काढून आले.” बायका एकमेकींकडे बघायच्या, आणि बाहेर पडताना दारात सासूबाईंना म्हणायच्या, दुःखानं डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या, सांभाळा हो. पालथ्या घड्यावर पाणी! खरं सांगितलं तर वेडी, आणि वेडी म्हटलं की पुन्हा कीव. ती फळं आम्ही खाल्ली. मीही खाल्ली, मला तेव्हा सारखी भूक लागायची.

आमच्या मुलांनी तिला ‘मोठीआई’ म्हणावं, असं नणंदेनं ठरवलं. तेवढाच तिच्या जिवाला विरंगुळा! जाऊबाईनं मुलांना समोर बसवून सांगितलं, “मी तुमची काकू आहे. काकू म्हणा.” यावरही घरात आठवडाभर कुजबुज चालली, की बघा किती कडू झाली आहे. कडू कसली? ती माझ्या मुलीला सायकल शिकवायची, तिच्याबरोबर पत्ते खेळायची आणि हरली की चिडायची. माझी मुलगी सगळ्या घरात फक्त तिच्याशी भांडायची, कारण ती भांडणाचं उत्तर भांडणानं द्यायची, ‘लहान आहेस’ म्हणून नाही.

मी एकदा सांगायला गेले होते. मुलगी दोन वर्षांची असेल. ह्यांच्या कोटावर तिनं दूध ओकलं होतं, तो कोट घेऊन मी मुद्दाम दुकानात गेले, म्हटलं तिथं घरचं कुणी नसेल. जाऊबाई काउंटरवर आली. चिठ्ठीवर मी ‘दूध’ लिहिलं. तिनं ती वाचली, कोट घडी करून बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

“आणखी काही सांगायचंय?”

“नाही,” मी म्हणाले. “उद्या मिळेल ना?”

सासूबाईंनी मात्र ते गुपित चांगलं जपून वापरलं. एकदाही त्यावरून बोलल्या नाहीत. त्यांना माझ्याकडून काही हवं असलं, नणंदेसाठी माझी शाल, वाटणीच्या कागदावर ह्यांची सही, की त्या एवढंच म्हणायच्या, “तुझी नजर चांगली आहे हो.” मी उठायची आणि काम करायची. तीस वर्षं.

मागच्या महिन्यात जाऊबाई कामावरून निवृत्त झाली. तिला काही नको होतं, पण नणंदेला उत्साह फार. घरच्या मोठ्या खोलीत टेबलं लावून तिनं दुपारचं जेवण ठेवलं. पंचवीस-तीस माणसं आली. दुकानाच्या मालकांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि चार वाक्यं चांगली बोलले. ते म्हणाले, यांच्या टेबलापाशी आता कुणाला उभं करू ते मला कळत नाही. तिथंच थांबायला हवं होतं. पण वन्सं उठल्या.

“आमच्या वहिनीला देवानं सगळं दिलं,” त्यांनी सुरुवात केली आणि घसा खाकरला, “फक्त कूस रिकामी ठेवली. पण तिनं ते दुःख कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही. जगाचे डाग काढले आणि स्वतःचं दुःख—”

“मला दुःख नव्हतं,” जाऊबाई बसल्या जागेवरून म्हणाली. “मला मूल नको होतं.”

लोक हसले. प्रेमानं हसले, म्हणजे जास्तच ओंगळ. वन्सं म्हणाल्या, “बघा! अजून तेच म्हणते,” आणि डोळे टिपले. दोन-चार जणींनीही टिपले. मी ताट घेऊन उभी होते. साठ वर्षांची बाई आपल्या तोंडानं आपल्या आयुष्याबद्दल एक वाक्य सांगते आणि खोलीतल्या एकाही माणसाला ते ऐकू येत नाही.

माझी मुलगी आठ दिवसांसाठी आली होती. तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी ओट्यापाशी उभी राहून तिनं मला सांगितलं होतं की तिला आणि जावयांना मूल नको आहे, दोघांनी ठरवलंय. मी “बरं” म्हणाले होते. आणि मग काय केलं माहीत आहे? विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, “ट्रीटमेंट चालू आहे.” कुणी शिकवलं नाही. जिभेवर आपोआप आलं. पोरगी वाईट दिसू नये म्हणून तिला आजारी करून टाकलं. हे मी करते आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, ते त्या दुपारी आलं.

सासूबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. खुर्चीतून हलत नाहीत, पण कान आणि जीभ शाबूत. त्यांनी माझ्या मुलीला जवळ बोलावलं. “काय गं, तुझ्या ट्रीटमेंटचं काय झालं?”

“कसली ट्रीटमेंट, आजी?”

“लाजतेस काय? तुझी आई सगळ्यांना सांगते की.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटातल्या भाताकडे पाहिलं.

“आजी, मी ठणठणीत आहे. आम्हाला मूल नकोय.”

सासूबाईंनी मला खुणेनं वाकायला लावलं आणि कुजबुजायचं म्हणून ज्या आवाजात बोलल्या तो निम्म्या खोलीला ऐकू गेला. “ही पण त्यातलीच निघाली. आठ दिवस आहे ना इथं? बॅगेत बघ जरा, काय घेतेबिते. तुझी नजर चांगली आहे.”

नाकात एकदम निलगिरीचा वास आला. खरंच आला. त्या वेळी माझ्या पोटात होती तीच ही मुलगी, आणि आता तिच्याच बॅगेत मी हात घालायचा. हातातलं ताट मी टेबलावर आदळलं.

“आई, पुरे,” मी म्हणाले. “ताई, त्या गोळ्या मी बदलल्या होत्या. आईंनी सांगितलं, पण हात माझा. तीन वेळा. मोजून. आणि आम्ही हसलो होतो.”

पाव्हण्यांना कसल्या गोळ्या ते कळलं नाही, घरच्यांना कळलं. वन्सं म्हणाल्या, “आज हे कुठं काढलंस? चांगल्या दिवशी?” भाऊजी पाण्याच्या पेल्यात बघत बसले. पेपर नव्हता ना जवळ.

जाऊबाईनं तोंडातला घास नीट चावून गिळला.

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. बाटलीच्या बुचाला निलगिरीचा वास होता. आईंनी जन्मात कधी निलगिरीला हात लावला नाही.”

माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला आजही लाज वाटते. त्यात तक्रार होती. “मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“नाव मी घ्यायचं नसतं,” ती म्हणाली. “तू दुकानात आली होतीस तो कोट घेऊन. मी विचारलं होतं तुला.”

“आज घेतलं ना, ताई.”

“घेतलंस. बरं केलंस.” तिनं रुमालानं बोटं पुसली. तिच्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला कपडा परत करताना ती अशीच बोलायची. “पण त्यावरून तीस वर्षं इस्त्री फिरली गं. आता माझ्याच्यानं नाही निघायचा.”

मग तिनं भात मागितला. वाढायला मी पुढे झाले, तर माझी मुलगी माझ्या आधी उठली आणि तिनं वाढला.

जेवणं पार पडली. लोकांना दुसरं काही करता येत नसलं की ते जेवतात. जाताना एक म्हातारी माझ्या कानाशी लागली, “नको मनाला लावून घेऊ. तू चांगल्यासाठीच केलंस.” माझी कीव! इतकी वर्षं जी जाऊबाईला मिळत होती, ती आता मला मिळाली, आणि ती किती चिकट असते ते मला पहिल्यांदा कळलं. मी तिचा हात झटकला. वन्सं दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सासूबाईंचं म्हणणं, मी त्यांना चारचौघांत उघडं पाडलं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! पण तो चोर एकटा नव्हता, हे मला आता दर वेळी आठवतं.

संध्याकाळी भांडी आवरून झाल्यावर मी मुलीच्या खोलीत धुतलेला टॉवेल ठेवायला गेले. थोरल्यांची खोली वाटेत लागते. दार उघडं होतं आणि जाऊबाईचा ड्रॉवर बिनकुलपाचा होता. कुलपाच्या जागी लाकडावर नुसता घासून गुळगुळीत झालेला गोल दिसत होता. क्षणभर माझ्या मनात काय आलं ते सांगते. मला वाटलं, तिनं कुलूप काढलं. म्हणजे झालं, तिनं मला माफ केलं. मी इतकी हलकी झाले की पावलं भरभर पडायला लागली.

मुलगी पलंगावर बसून फोन बघत होती. बॅग पायाशी होती. तिच्या चेनच्या दोन टोकांत मिळून अंगठ्याएवढं एक पितळी कुलूप घातलेलं होतं. एका बाजूनं घासून पांढरं पडलेलं.

माझी नजर कुठं आहे ते तिनं पाहिलं.

“रागवू नकोस हं, आई,” ती म्हणाली. “या घरात ते लागतं, असं काकू म्हणाल्या.”

मी टॉवेल खुर्चीवर ठेवला आणि बाहेर आले.